अलिबागकडचे ‘शनवार तेली’: जात, वंश की देश?

अष्टागरकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे. गावात एक इस्राएल आळी आहे. इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू (यहुदी), बेने इस्रायल. तेल गाळायचे आणि शनवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ‘शनवार तेली’. नाव तेच राहिलंय, पण इस्राएलांचं एकही घर आता उघडं नाही. शेवटचं कुटुंब माझ्या जन्माआधीच गेलं. त्यांच्या घाण्याचं दगडी उखळ तेवढं आमच्या परसात पडून आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं, कोंबड्या पितात.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आळी शोधत आले. साठीचे असतील, बरोबर विशीतला मुलगा. गृहस्थांचं मराठी एकदम स्वच्छ, पण जुन्या वळणाचं. ‘आगगाडी’ वगैरे म्हणणारं. माझे वडील ८१ वर्षांचे, ओटीवर बसले होते. त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “कोणाच्यातले?” पाहुण्यांनी आजोबांचं नाव सांगितलं तसे वडील काठी न घेता उठले. मग दीड तास दोघं त्या उखळापाशी उभे होते. बैल कुठे बांधायचे, पेंड कोण न्यायचं, हेच चाललं होतं.

मुलाला मराठी येत नाही. तो मला इंग्रजीत म्हणाला, “तिकडे इस्रायलमध्ये आम्हाला सगळे ‘होदी’ म्हणतात, म्हणजे भारतीय. इकडे आलो तर रिक्षावाल्यापासून सगळे इस्रायली म्हणतात. तुमच्या वडिलांना विचारा, आम्ही कोण?” मी विचारलं. वडील म्हणाले, “त्यात विचारायचं काय? तेली. आपले शनवारचे तेली.”

आता हे त्या पोराला कसं सांगू? तेल गाळणारे म्हणू तर तो धंदा झाला. जात म्हणू तर तो म्हणेल आमच्या धर्मात जात नसते. शेवटी काहीतरी पुटपुटलो आणि विषय शहाळ्यावर नेला.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. हे लोक आपल्यासाठी जात, तिकडच्यांसाठी वेगळा वंश, आणि कागदोपत्री दुसरं राष्ट्र. माणूस तोच आणि नावं तीन, हे कसं काय होतं? जाणकारांनी सांगावं.

प्रयोगशाळा

यात एवढं गूढ काही नाही. २०१६ मध्ये बेने इस्रायल समाजाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झालाय. पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा, असा दोन्हींचा वारसा त्यांच्यात सापडतो. बापाकडचा बराचसा तिकडचा, आईकडचा बराचसा इकडचा. म्हणजे त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, या कथेतले पुरुष खरे धरले तरी बायका इथल्याच दिसतात. त्या मुलाला निबंध पाठवून द्या, विषय संपला.

रास्ता पेठ

प्रयोगशाळासाहेब, विषय संपवायची एवढी घाई नको.

मी पुण्याचा, यहुदी नाही. पण रास्ता पेठेत लहानाचा मोठा झालो. तिथे बेने इस्रायलांचं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनामंदिर आहे, सुक्कथ शेलोमो. बाहेरून साधं, पटकन लक्षातही येत नाही. आणि कॅम्पात बगदादी व्यापारी डेव्हिड ससूनने बांधायला घेतलेलं, १८६७ मध्ये पुरं झालेलं ओहेल डेव्हिड, ज्याला आख्खं पुणं ‘लाल देऊळ’ म्हणतं. उंच मनोरा, घड्याळ, सगळा थाट. लहानपणी मी शेजारच्या काकांना विचारलं होतं, धर्म एक तर देवळं दोन कशाला? ते हसले आणि म्हणाले, “ते बगदादी. आम्ही काळे.”

मोठा झाल्यावर वाचलं तेव्हा उलगडलं. इराक वगैरे भागातून एकोणिसाव्या शतकात व्यापारी ज्यू मुंबईला आले. कोकणातले धर्मबंधू त्यांना भेटले ते मराठी बोलणारे, बायका लुगड्यात, आडनावाला ‘कर’. बगदाद्यांना शंका आली की हे अस्सल नसावेत. कब्रस्तानात मध्ये भिंत घाला इथपर्यंत मागणी गेली. पुढे तर आपली गणना युरोपियनांत व्हावी म्हणून त्यांच्यातल्या बड्या मंडळींनी खटपट केली. आता बगदादहून आलेला माणूस युरोपियन कसा होतो? पण मुंबईत क्लबाच्या दाराशी उभं राहिलं की होतो. त्यासाठी अलिबागचा तेली आपल्यापासून लांब दिसणं भाग होतं.

गंमत बघा. मुंबईत बेने इस्रायलांच्या १७९६ च्या सिनेगॉगला लोक ‘जुनी मशीद’ म्हणायचे आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पुण्यात सिनेगॉगला देऊळ म्हणतात. म्हणजे जो तो आपल्या पदरी असलेला शब्द देऊन मोकळा. अष्टागरकर, तुमच्या वडिलांनीही तेच केलं. त्यांच्याकडे ‘जात’ हा शब्द होता.

रोह्याची लेक

अष्टागरकर, वडिलांना माझा नमस्कार सांगा. “कोणाच्यातले?” असं मला शेवटचं कोणी विचारलं ते आठवत नाही. वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

मी रोह्याची, १९५३ चा जन्म. १९६३ साली आईवडील आणि आजीबरोबर इकडे इस्रायलला आले. आधी बेरशेव्याला होतो, आता मी अश्दोदला. टाइप करायला वेळ लागतो, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, तुम्हीच दुरुस्त करून वाचा.

आमच्याकडे तेल गाळायचं पणजोबांनंतर बंद झालं. आजोबा पलटणीत होते. त्यांच्या पेन्शनच्या कागदावर इंग्रजांनी लिहिलेलं, ‘नेटिव्ह ज्यू कास्ट’. म्हणजे साहेबानेसुद्धा ज्यू ही एक जातच धरली होती! रोह्याला आम्ही वेगळे होतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. शनवारी चूल पेटायची नाही. बाजारात कोलंबी आणि मुशी स्वस्त असली तरी आई खवलेवाला मासाच घेणार. कोळीण लांबूनच ओरडायची, “तुमच्यातलं काय नाय आज!” ती चिडवत नव्हती, गिऱ्हाइकाला पाटी उघडून दाखवायचे कष्ट वाचवत होती. वेगळं असण्याची एक ठरलेली जागा होती, जशी सोनारांची, कोळ्यांची, तशी आमची. त्या जागेवर बसून आम्ही पक्के रोहेकर होतो.

इकडे आलो ते सगळे ज्यू एकच म्हणून. आई तर विमानातून उतरताना रडली. आणि आठवड्याभरात कळलं की एक नाहीत. इमारतीत रुमानियाचे होते, मोरोक्कोचे होते. मोरोक्कोवाले रुमानियावाल्यांच्या नजरेत काळे, आणि मोरोक्कोवाल्यांना बरं वाटावं म्हणून आम्ही होतो. आमच्या आधी आलेल्यांपैकी काही तर १९५१ मध्ये तेल अवीवला धरणं धरून बसले होते की आम्हाला परत पाठवा. १९५२ साली ते खरोखरच मुंबईला परत गेले. त्यांतले बरेच पुढे पुन्हा आले, ते सोडा.

खरी गोष्ट मावशीच्या लग्नाची. मुलगा इराकमधून आलेल्यांतला, बसवर ड्रायव्हर. दोघांचं ठरलं. पण १९६२ साली इथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सूचना काढली होती: बेने इस्रायल माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करायला आला तर त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा, कुठे परधर्माचं मिसळलं आहे का बघा. ही सूचना नाव घेऊन फक्त आमच्यासाठी.

आमच्या धर्मात ज्यूपण येतं आईकडून. आणि रोह्याचे कागद सगळे बापाकडून. वडिलांनी सातबारा आणला होता, आजोबांचे, पणजोबांचे नाव त्यावर. बाईचं एकही नाही. आजीला समोर बसवून विचारलं, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय? आजी विचारात पडली. म्हणाली, “आम्ही तिला बाय म्हणायचो.” मग त्या बायच्या आईचं? आजी चिडली. “मेल्या, ती मेली तेव्हा मी जन्मले पण नव्हते.”

शेवटी वडिलांनी रोह्याला शेजारच्या मास्तरांना पत्र टाकलं. मास्तर हिंदू, वडिलांचे शिक्षक. त्यांचं उत्तर दीड महिन्याने आलं. फुलस्केप कागद, शाईने लिहिलेला, खाली तलाठ्याचा शिक्का. “सदर कुटुंब शनवार तेली जातीचे असून माझ्या माहितीत तीन पिढ्या शनवारी काम करीत नाहीत, खवल्याविना मासा खात नाहीत, मुलाची सुंता आठवे दिवशी करतात. हे मी समक्ष पाहिले आहे.”

वडील तो कागद हिब्रूत करायला बसले आणि पहिल्याच ओळीवर अडले. ‘जात’ ला शब्द सापडेना. जो शब्द सापडला त्याचा अर्थ निघाला, हे लोक यहुदी नसून तेली नावाच्या दुसऱ्याच वंशाचे! ज्याने आम्ही ज्यू आहोत हे सिद्ध व्हायचं त्यानेच आम्ही बाद होणार होतो. अष्टागरकर, म्हणून म्हणते, त्या पोरासमोर तुम्ही अडखळलात यात तुमची काही चूक नाही.

१९६४ च्या उन्हाळ्यात आमचे लोक जेरुसलेमला ठिय्या देऊन बसले. कित्येक आठवडे. बायका, तान्ही पोरं, सगळे. वडील दोनदा जाऊन राहिले. घरी आल्यावर म्हणाले, सत्याग्रह चालू आहे. हा शब्द रोह्याहूनच बरोबर आलेला. इथल्या लोकांना कळेना की हे दगड का मारत नाहीत. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक बसली, पंतप्रधान एश्कोल यांनी सांगितलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि नंतर रब्बींच्या सूचनेतून आमचं नाव निघालं. डिसेंबरात मावशीचं लग्न झालं. मेंदी झाली, मलिदा झाला. मास्तरांचा कागद दाखवावाच लागला नाही. तो माझ्याकडे आहे.

प्रयोगशाळा, तुमचा निबंध मला नातवाने दाखवला. चांगला आहे. पण तो १९६४ साली असता तर आमचं काय झालं असतं याचा विचार करा. ‘बायका इकडच्या’ हे वाक्य रब्बींच्या त्या कचेरीत कसं वाचलं गेलं असतं?

प्रयोगशाळा

ताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ‘विषय संपला’ मागे घेतो.

वाचनमात्र

रोह्याच्या ताई, एक बोचरा प्रश्न विचारते, राग मानू नका. तुमच्या समाजातच ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ होते ना? बगदाद्यांनी केलं ते वाईट, तिकडच्या रब्बींनी केलं ते वाईट, मग कोकणात तुम्ही काय करत होतात? गावातल्या त्या ‘ठरलेल्या जागे’चं मला तरी एवढं कौतुक वाटत नाही. ज्यांना ती जागा पायरीखाली मिळाली त्यांना विचारा.

रोह्याची लेक

राग कसला. खरं आहे.

काळे म्हणजे ज्यांच्या घरात कधीतरी दुसऱ्या जातीची बाई आली ते. कातडीचा रंग बघायची गरज नव्हती, माझ्याहून उजळ काळे होते! त्यांच्याशी सोयरीक नाही. आमच्या स्वयंपाकघराबाहेर फळीवर एक कान तुटलेला कप असायचा, तो त्यांच्यासाठी. मलिद्याला सगळे जमायचे. एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) नाव घेऊन भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची कालवायची, वर फळं. ताट आमच्यात फिरायचं, त्यांच्या ओंजळीत मात्र वरून टाकायचे. माझ्या वर्गात त्यांची एक मुलगी होती. शाळेत आम्ही एका बाकावर, घरी ती ओटीच्या खाली. मला तेव्हा त्यात काहीच वावगं दिसलं नाही, हे कबूल करते.

आणि कचेरीने मावशीला जे विचारलं, तेच आजी सोयरीक जुळवताना विचारायची. “आईकडनं निर्मळ आहेत ना?” हुबेहूब हाच प्रश्न. तो रब्बींनी शोधला नव्हता, आम्हाला तो चांगला ओळखीचा होता. म्हणूनच बहुतेक एवढा झोंबला.

बेरशेव्याला त्या मुलीचं कुटुंब योगायोगाने आमच्याच इमारतीत आलं, तिसऱ्या मजल्यावर. आजीला हिब्रू येईना, यिद्दिश (युरोपातल्या ज्यूंची बोली) येईना, अरबी येईना. दिवसभर बोलणार कोणाशी? महिनाभर तिने कळ काढली. मग एक दिवस शाळेतून आले तर आजी घरात नाही. शोधत वर गेले. ती त्यांच्याकडे जमिनीवर पाय पसरून बसलेली, बशीत ओतून चहा पीत होती, आणि दोघी म्हाताऱ्या कुंडलिकेच्या पुराविषयी बोलत होत्या. मला बघून आजी म्हणाली, “घरी सांगू नको.” आईला सगळं ठाऊक होतं.

पुढे त्यांच्यात आणि आमच्यात लग्नंही झाली. इकडे कोणी काळं-गोरं विचारत नाही, सगळेच होदी. आमच्या इथे १ मेला महाराष्ट्र दिन होतो, ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक निघतं, कार्यक्रमाला साठीच्या पुढचीच डोकी असतात. नातवंडं येतात ती पुरणपोळीपुरती.

रास्ता पेठ

वाचनमात्र यांनी विचारलं ते बरं केलं.

एक जोडतो. हे फक्त यहुद्यांचं नाही हो. १९०१ च्या शिरगणतीचे आयुक्त रिस्ली साहेब. माणसांची नाकं मोजून, लांबी-रुंदीचं प्रमाण काढून ते वंश ठरवत. त्यांनी मराठ्यांना कुठे बसवलं माहीत आहे? ‘सिथो-द्राविडी’. म्हणजे मध्य आशियातले सिथियन अधिक द्राविड. आमच्या गल्लीत कोणाला सिथियन म्हटलं असतं तर मारामारी झाली असती. सह्याद्रीच्या दोन बाजूंना राहणारी माणसं, कोण घाटी, कोण कोकणी, एवढं आम्हाला पुरत होतं. ते वंशाचं खूळ कोणीतरी पट्टी घेऊन आल्यावर आलं. जातीचं मात्र आमचं आम्हीच केलेलं, त्याला साहेब नको होता.

आणि रोह्याच्या ताई, १८७४ मध्ये पुण्यात छापलेलं मराठी हग्गादा तुम्ही पाहिलंय का? वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं यहुद्यांचं पुस्तक. त्यातल्या चित्रांत बायका नऊवारी नेसून बिनखमीरी भाकरी करताहेत. इजिप्तमधून सुटकेची गोष्ट, आणि चित्रातला पदर आपला.

रोह्याची लेक

मूळ नाही पाहिलं, पुनर्मुद्रण घरी आहे. नातीने ते चित्र शाळेत नेलं होतं. बाईंनी विचारलं, या कोण? ती म्हणाली, आम्ही.

अष्टागरकर

सगळ्यांचे आभार. हा सगळा धागा वडिलांना वाचून दाखवला, दोन बैठकांत. मास्तरांच्या कागदापाशी त्यांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाले, “मास्तरांनी बरोबर लिहिलंय, पण बाईचं नाव का नाही घातलं? त्यांना ठाऊक असणार.” कपाच्या गोष्टीवर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आपणहून सांगितलं की आपल्याकडेही इस्राएलांना पाणी वरूनच ओतत असत, तांब्याला हात लावू देत नसत. त्या दिवशी उखळापाशी हे दोघांपैकी कोणीच काढलं नव्हतं.

त्या मुलाचा निरोप आला होता, त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ताईंची पोस्ट इंग्रजीत करून पाठवावी म्हणतो, ताईंची हरकत नसेल तर. ‘जात’ हा शब्द तसाच ठेवेन.

ताई, वडील विचारतात, तुम्हाला उखळाचा फोटो हवा का? आज धुऊन ठेवलंय त्यांनी. उद्या उजेडात काढतो.

रोह्याची लेक

हरकत नाही, पाठवा त्याला. आजीचा राग तेवढा नीट उतरवा, ती तशीच बोलायची.

फोटो हवाच. पण उद्या शनवार, माझा फोन बंद असतो. आयतवारी पाठवा.